विलासदादाच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू? एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. माझं शिक्षण आठवीपर्यंत, पण उभी उमर सोल्डरिंग आयर्न हातात धरून गेली. वस्तू बंद पडली की मीटर लावायचा, करंट कुठे अडतोय ते बघायचं... कारण सापडतंच. नाही सापडलं तर आपण नीट शोधलं नाही, इतकंच. ही एक गोष्ट सोडून सगळीकडे माझं हे म्हणणं खरं ठरलेलं आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी परभणीकडचा. शाळा सुटल्यावर कामासाठी फिरत फिरत रत्नागिरीला पोचलो आणि रामआळीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो. समुद्र तिथेच पहिल्यांदा पाहिला. मासे घशाखाली उतरेनात, लोकांचं बोलणं कळेना. काही चुकलं की हाकलून देतील, ही धास्ती दिवसभर.

अशात विलासदादा दुकानात आला. जवळच्याच मांडवीचा, बोटीवर रेडिओ ऑफिसर. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला आणि माझं काम बघत उभा राहिला.

"हात चांगला हाय रे तुझा. राहतोस खंय... कुठे?"

"दुकानातच झोपतो."

"घाटावरनं इथे येऊन फळीवर झोपतोस? चल घरी."

असा मी त्यांच्या पडवीत आलो. घरात त्याची आई, माई, आणि वडील, अण्णा. अण्णांनीही सारा जन्म बोटीवर काढलेला, सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन निवृत्त झालेले. मला त्या घरात कुणी परकं मानलं नाही. माझ्यासाठी माई पिठलं वेगळं करायची आणि म्हणायची, "खा हो घाट्या, तुझं सोनं खा."

दादाने सिंगापूरहून कॉम्प्युटर आणला होता. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही. आणि त्याला स्वतःचं घड्याळ नव्हतं. चालू केला की दर वेळी विचारायचा — आज तारीख काय, आता वाजले किती. मांडवीची हवा खारट, दमट. मशीन रोज थोडं तापलं नाही तर आत बुरशी धरायची. म्हणून दादा बोटीवर असला की सकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर माई कॉम्प्युटर चालू करायची, एका बोटाने तारीख आणि वेळ टाकायची, जरा बसायची, मग बंद. एवढंच तिला शिकवलेलं. शेजारणी चेष्टा करायच्या, "माई, त्याला तिथी पण सांग गो, एकादशीला उपास धरील!"

माई हसायची नाही. "माझा झील बोटीवर गेला की हा कॉम्प्युटरच तर विचारतो मला काय ते," म्हणायची.

शेवटच्या सुट्टीत दादाने हार्ड डिस्क आणली, मेमरीच्या चिप्स आणल्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं एक कार्डही आणलं. पण बोटीवरून बोलावणं अचानक आलं. जाताना सगळं माझ्या हातात दिलं. मी घाबरलो.

"दादा, मला इंग्रजी येत नाही. जळलं बिळलं तर?"

"चिपला इंग्रजी कुठे येतं? खाच बघ नि बसव. बिघडलं तर मी आल्यावर निस्तरीन."

एका रविवारी दुपारी कॅबिनेट उघडलं. एक फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी हार्ड डिस्क बसवली, एकही पाय न वाकवता चिप्स दाबल्या, कार्ड खोचलं. मग आतली साफसफाई. फ्लॉप्यांवर सांडलेल्या जुन्या, अर्ध्यामुर्ध्या फाइली काढून टाकल्या, डॉस, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, नव्याने टाकला, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या खणात. दादाने समजावल्याप्रमाणे सुरुवातीची फाइल लिहिली — चालू होताना वेळ कार्डावरून घ्यायची, आणि डाव्या कडेला ती सतत दाखवायची. डिस्क घरघरली, वेळ उमटली, आणि तेव्हा कुठे मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

माई मागे उभी होती. "मग आता मला विचारणार नाय तो?"

"नाही माई. त्याचं त्याला कळतं आता."

"बरं," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला, आणि मलाच चोरट्यासारखं झालं.

दोनेक आठवड्यांनी घड्याळ अर्धा तास मागे पडलं. मिनिटभर इकडेतिकडे नाही, बरोब्बर अर्धा तास. मी रेडिओच्या बातम्यांवर लावून दिलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा अर्धा तास मागे. बॅटरी बदलली, कार्डाचे सांधे पुन्हा सोल्डर केले. पुढे ते आणखी एक तास मागे गेलं. मग आणखी एक. क्वार्ट्झचं घड्याळ बिघडलं तर सेकंद खातं, मिनिटं खातं. असं मोजून तास सोडत नाही! मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी गेलं. शेवटी अण्णांना सांगितलं.

अण्णा चष्मा लावून पडद्यापुढे बसले.

"आधी अर्धा, मग एकेक पुरा?"

"हो."

"बोट मुंबईसून पश्चिमेला निघाली की रात्री घड्याळ मागं घेतात, मेल्या. आपल्या वेळेतला तो जादा अर्धा तास आधी काढतात, मग एकेक तास. तुझं कार्ड बिघडलेलं नाय." मग दबक्या आवाजात म्हणाले, "माईला सांगू नको."

सांगायची गरजच नव्हती. माई दारात उभी होती.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या फोनवर दादाचा ट्रंक कॉल आला, युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून. अण्णांनी खुशाली विचारायच्या आधी विचारलं, "तुझ्याकडं वाजले किती?" मी धावत घरी आलो, कॉम्प्युटर चालू करून पडदा बघितला, धावत परत गेलो. तीच वेळ. कार्डाला बाहेर जोडणारी कुठली वायर नव्हती, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. होती फक्त बटणाएवढी बॅटरी.

त्यानंतर बोट अटलांटिकमध्ये शिरली. घड्याळ आणखी मागे मागे जात राहिलं... आणि एके दिवशी तिथेच थबकलं. चालू होतं, पण आपल्या वेळेशी असलेला फरक वाढेना की घटेना. त्याच आठवड्यात कंपनीची तार आली. वादळ, बोटीशी संपर्क तुटला. थोड्या दिवसांनी दुसरी तार — शोध थांबवला, कुणी सापडलं नाही.

मालगुंडहून अण्णांचे धाकटे भाऊ आले. भटजींशी बोलून आले होते. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात. "वयनी, किती दिवस असं ठेवणार? त्याला गती नको?"

माईने त्यांना कॉम्प्युटरपुढे नेलं. "हे चालू हाय तोवर माझ्या घरात दर्भ आणायचा नाय."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "या घाट्याने खेळणं बिघडवलंय, आणि तुम्ही त्याच्यावर पोराचा जीव टांगून ठेवलाय!"

त्यांचंच खरं असेल असं मलाही वाटत होतं. कार्ड काढून टाकावं, म्हणजे माईला सुटका तरी मिळेल... स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी बसलोही. तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं. घड्याळ एक तास पुढे आलं होतं.

अण्णांना हाक मारली. ते आले, चष्मा लावून बघितलं. "पूर्वेला निघालीय," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे दिवस त्या घराने कसे काढले, मला सांगता येत नाही. काही दिवस जात आणि एक तास पुढे. पुन्हा काही दिवस, पुन्हा एक तास. माईने विलासदादाची खोली झाडली, गादीला ऊन दिलं, कोकमं आणून ठेवली. अण्णा रोज मांडवीच्या जेटीवर जाऊन बसायचे. वाचला असेल, कुठल्या दुसऱ्या बोटीने उचललं असेल — आम्ही तिघेही हेच धरून होतो, पण तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. कंपनीकडून काहीच नव्हतं. एक दिवस अण्णा पडद्यापाशी थांबले आणि म्हणाले, "आता फक्त अर्धा तास राहिलाय."

दुसऱ्या दिवशी माईने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं, दादाच्या आवडीचं. पान मांडलं. दार उघडं ठेवलं. आम्ही जेवायचे थांबलो. ऊन अंगणातून उतरलं, कालवण गार झालं. कुणी आलं नाही.

सकाळी माईने दिवा लावला आणि सवयीने कॉम्प्युटर चालू केला. तिची हाक ऐकून मी धावलो. पडद्यावर वेळ नव्हती. हार्ड डिस्क बसवल्यापासून जे कधी आलं नव्हतं ते आलं होतं — आज तारीख काय?

सुरुवातीची फाइल नसली तरच तो असं विचारतो. मी नंतर तपासलं. फाइल जागच्या जागी होती, एक अक्षर हललेलं नव्हतं.

माईने एका बोटाने तारीख टाकली. मग वेळ विचारली, ती भिंतीवरच्या घड्याळात बघून टाकली. पडद्यावर हात ठेवून जरा वेळ बसली. काच गरम असते ना, म्हणून असेल. मग अण्णांना म्हणाली,

"आला तो घरी. आता भावजींना बोलवा. करू या त्याचं सगळं."

विधी झाला. कंपनीकडून पुढेही तेच कळलं: बोट त्या वादळातच बुडाली होती. म्हणजे घड्याळ पुढे यायला लागलं त्याच्या कितीतरी आधी.

तेराव्यानंतर माईने माझी पिशवी भरली. आमसुलं, फणसपोळी, काजू. "तुझी आयस पण वाट बघत असंल. जाऊन ये. आणि परत ये." मी गेलो, आणि परत आलो. पुढे दर वर्षी गेलो. माई होती तोवर निघताना तिला वेळ सांगून निघायचो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कॉम्प्युटर आता माझ्याकडे आहे. त्या सकाळनंतर त्या घड्याळाने कधी तास सोडला नाही, आणि तारीखही परत कधी विचारली नाही. कार्ड मी कितीदा तरी काढून भिंगाखाली धरलंय. सांधे साफ आहेत, क्वार्ट्झ चांगला आहे. दोष सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडला तर मला कळवा... पण खरं सांगायचं तर, हल्ली मी तो फार मनापासून शोधत नाही.