मयतीची चाल

शिरूरच्या डॉक्टरांनी मला शुगर सांगितली तेव्हा मी आधी त्यांनाच झापलं. चहात दोन चमचे साखर आणि सणाला पुरणपोळी, एवढ्यावर कुणाला शुगर होते का? त्यांनी मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोप कशी लागते?"

झोप कुठली? रात्रभर मोरीच्या खेपा, मग पत्र्याकडं बघत पडायचं, आणि दिवसा शिवणयंत्रावर डुलक्या. अशाच एका डुलकीत मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या.

"रोज सकाळी चाला," डॉक्टर म्हणाले. "रिकाम्या हातानं, भरभर. झोप लागायला लागली की शुगरही ताब्यात येईल."

माझ्या आईचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. मला माझे दोन्ही पाय हवे होते. खरं सांगते, मी फार घाबरले होते.

पण आमच्या केंदूरला बाई रिकाम्या हातानं चालत नाही. घागर, खुरपं, दळणाचा डबा, काहीतरी असतंच. हात रिकामे, डोक्यावर पदर आणि पाय भराभर पडत असतील, तर ती मयतीला निघालेली असते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी शहाणी डॉक्टरांचा शब्द धरून तशीच निघाले. थंडी म्हणून पदर कानावरून घट्ट ओढलेला, आणि तळपायाला फोड म्हणून पायात आमच्या ह्यांचे रांजणगावच्या कंपनीतले जुने बूट.

चावडीपाशी शेजारणीनं घागर खाली ठेवली आणि ती माझ्या मागून चालू लागली. पुढं चुलतसासूबाई दळणाला निघाल्या होत्या, त्याही डबा कुणाच्या तरी ओट्यावर टेकवून सामील झाल्या. कुणी काही बोलेना. मला वाटलं, माझं बघून बायांनाही हुरूप आला. मान ताठ करून मी वेग आणखी वाढवला.

ओढ्यापाशी चुलतसासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "व्हय गं, कोण गेलं म्हनायचं?"

"कोण न्हाई आत्या. मला शुगर हाय."

"आन् आमी दळण टाकून कुनासाठी पळतोय मग?"

परतीच्या वाटेवर त्यांनी माझा चांगलाच उद्धार केला. दुसऱ्या दिवसापासून मी हातात रिकामी पिशवी धरली. मग कंपनीत निघालेली पोरं मोटारसायकल थांबवून "मावशी, बसा मागं, सोडतो" म्हणायची. एकदोनदा बसलेही. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

पण चालणं काही सोडलं नाही. आणि एक दिवस खरंच झोप लागली.

नेमके त्या सकाळी हे तिसऱ्या पाळीवरून आले. ऊन अंगणात आलेलं, चूल थंड, मी अंथरुणात. त्यांनी हाका मारल्या, हलवलं, मी ढिम्म. घोरत असते तरी कळलं असतं. मला शुगरच्या गोळ्या चालू होत्या; त्यांनी शुगर एकदम उतरली तर साखर द्यायची, एवढं डॉक्टरांचं बोलणं यांच्या ध्यानात होतं. यांनी मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली.

ठसका लागून मी उठले. पायथ्याशी शेजारीण आणि चुलतसासूबाई उभ्या, डोक्यावर पदर, हात रिकामे.

"म्हंजी आजबी कोण गेलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

एवढ्या महिन्यांनी लागलेली झोप मोडली म्हणून मी यांच्यावर तोंड सोडणार होते. पण हे कंपनीच्या कपड्यांत जमिनीवर बसले होते, साखरेचा डबा मांडीत धरून, आणि पोरासारखे रडत होते. "मला वाटलं, गेलीस तू," म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या पाळीवरून आले की हे आधी माझ्या नाकाशी हात धरायचे आणि मगच बूट काढायचे. मी जागी असले तरी डोळे मिटून पडून राहायची.