मिठाईच्या डब्याची बॅटरी

पट्टीमामांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असायची. भाजीवाल्यासमोर दुधीलासुद्धा ती लागायची. मामी लाजून दोन पावलं मागे थांबायच्या. मामा शांतपणे म्हणायचे, "अहो, फ्रिजच्या कप्प्यात मावतो का ते बघायलो." भाजीवालाही सवयीने दुधी सरळ धरून उभा राहायचा.

ते आमचे सख्खे मामा नव्हते. नल्लकुंट्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि एका सरकारी ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढायचे. मूळचे नांदेडकडचे. आम्ही लातूरकडचे. हैदराबादेत तेवढं नातं पुरतं. सकाळी जिन्यात बाबांना "जयभीम" घालून ते खाली उतरले की नऊ वाजले असं आई समजायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी चालत नव्हती आणि घरी मी फारशी बोलत नव्हते. पाहुणे "ही बोलतच नाही का?" असं आईला विचारायचे, माझ्यादेखत. मामांनी कधी विचारलं नाही. ते मला काम द्यायचे. फ्यूज गेला, नळ गळायला लागला की हाक यायची, "माय, टॉर्च धर. बोलू नको हवं तर, पण नीट बघ." आणि काय दिसलं ते मी सांगायला लागले की लगेच, "अंदाज नको, आकडा सांग."

आंध्रापासून वेगळं होऊन आमचं नवं राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. रस्त्यावर नव्या गाड्यांच्या पाटीवरची अक्षरं बदलली होती. बाबांची मोटारसायकल मात्र जुन्याच अक्षरांनिशी जिन्याखाली वर्षभर पडून होती. बाबांनी स्कूटर घेतली होती. मोटारसायकलची बॅटरी गेलेली आणि गाडीला किक नाही, नुसतं बटण. बॅटरी नाही म्हणजे गाडी नाही. एक मेकॅनिक रविवारी सकाळी येऊन ती विकत घेऊन जाणार, असं बाबांनी गुरुवारी जेवताना सांगितलं.

मला ती गाडी हवी होती. सुट्टीत लातूरला चुलतभावाच्या गाडीवर मी गियर शिकले होते. कॉलेजला जायला दोन बस बदलायच्या, आणि त्या गर्दीत "थोडं सरका" एवढंही माझ्याने म्हणवत नसे. पण घरात मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी गाडी पुसत होते, तेवढ्यात मामा जिना उतरले.

"विकायची गाडी पुसायलीस कामून?"

मी टाकी आणखी जोरात पुसली. मामा तसेच मागे फिरले आणि आमच्या दारात उभे राहून बाबांना म्हणाले, "रविवारी मेकॅनिक यायच्या आत चालू झाली, तर गाडी पोरीची. बोला."

बाबा हसले. "तिने मागितली का पण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी होकाराची मान हलवली.

"बरं," बाबा म्हणाले, "पण बटण तिनेच दाबायचं."

त्या दिवशी कॉलेजात काय शिकवलं, मला आठवत नाही.

एकच अडचण होती. जुनी बॅटरी बाबांनी कधीच भंगारात दिली होती, त्यामुळे दुकानात दाखवायला नमुना नव्हता. संध्याकाळी मामा ऑफिसातून आले आणि थेट जिन्याखाली बसले. मी टॉर्च धरला. लांबी, रुंदी, उंची, सगळी मिलिमीटरमध्ये. मग बर्फीचा रिकामा डबा कापून, चिकटवून त्यांनी हुबेहूब बॅटरी तयार केली. पुढची बाजू कळावी म्हणून एका बाजूवर बाण काढला. झाकणावर लाल स्केचपेनने अधिक आणि काळ्याने उणे. त्या गाडीतली लाल वायर आखूड होती, उजवीकडून यायची. अधिक डावीकडे असलेली बॅटरी आणली, तर वायर पोचणारच नव्हती, आणि बॅटरी फिरवून बसवता येत नव्हती. डबा खाचेत बसवून पाहिला. असा बसला की मी चक्क टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मामांना सुट्टी. दहा वाजता आम्ही अफझलगंजला एका बॅटरीच्या दुकानात पोचलो. मामांनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला.

सेठ हसायला लागला. "क्या साब, मिठाई लाए क्या हमारे वास्ते?"

"खाली डब्बा है सेठ. इस नाप की बॅटरी होना."

"अरे, उससे बडी लेके जाओ ना! ताकत जादा."

"नक्को. गाडी जितनी चार्ज करती, उतनीच होना. बडी बैठेगी किधर, मेरे सर पे?"

दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकंही हसली. मामांनी तीन बॅटऱ्या बाजूला सारल्या. एकीवरचा बनवल्याचा महिना जुना होता, दुसरी तीन मिलिमीटर उंच होती, तिसरीचा कोपरा फुगल्यासारखा दिसत होता. चौथी त्यांनी डब्याशेजारी ठेवली, पट्टी लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "वा!" ती कोरडी बॅटरी होती. तिच्यात दुकानातच अ‍ॅसिड भरायचं आणि संध्याकाळपर्यंत चार्जिंगला ठेवायची. एकदा अ‍ॅसिड भरलं की परत घेत नाहीत, अशी पाटीच भिंतीवर होती. आणि रविवार उद्यावर आलेला.

सेठने अ‍ॅसिडची बाटली उचलली. मी डब्याकडे बघत होते. बाण पुढे होता आणि लाल अधिक डावीकडे, निवडलेल्या बॅटरीवरही तसंच.

मिठाईच्या डब्याचं झाकण दोन्ही बाजूंनी बसतं. पिशवीत भरताना ते निघालं असणार आणि मामांनी उलटं बसवलं असणार. मामा, जे दुधीसुद्धा मापून घेतात!

"मामा, उलटं आहे," मी म्हणाले. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, कुणाला ऐकू गेलं नाही. सेठने बाटलीचं टोक कापलं. सगळे पुरुष, सगळे मोठे. मी ओरडले, "रुको सेठ! मत डालो!"

एवढा मोठा आवाज माझा आहे हे मलाच माहीत नव्हतं. सेठचा हात तसाच हवेत राहिला. मी बाणावर बोट ठेवलं, मग झाकणावर. मामांनी झाकण काढलं आणि फिरवून बसवलं. ते तितकंच घट्ट बसलं. मला वाटलं, चारचौघांत त्यांचा अपमान झाला.

"सेठ," मामांचा चेहरा फुलला होता, "आज मेरी आधी तनखा इस लडकी को देना पडता."

"हौ साब," सेठ म्हणाला, "कल से आप घर बैठो, इसको भेजो." आणि त्याने उजवीकडे अधिक असलेली बॅटरी शोधून आणली. ती मात्र मामांनी मला मापायला लावली.

रविवारी सकाळी मेकॅनिक फाटकाशी आला तेव्हा मी बटण दाबून गाडी सुरू केलेली होती. बाबा दारात टॉवेल घेऊन उभे, आई हसतेय, मामा वरच्या गॅलरीतून ओरडताहेत, "रेस जास्त देऊ नको!" मी पहिल्या गियरमध्ये फाटकातून बाहेर पडले. मेकॅनिकला सांगावं लागलं, "भैया, थोडा सरको." तो सरकला.

मग दोन राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटणीच्या याद्या लागल्या. ज्याची शाळा ज्या भागात झाली, तो त्या राज्याचा. मामांचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे मामांची शाळा आंध्रातल्या गुंतकलला, रेल्वेच्या इंग्रजी शाळेत झाली होती. नांदेडचा माणूस आंध्रात गेला. "मला तेलुगू सहीपुरती येते," ते हसून सांगायचे. मामी हसत नव्हत्या. ऑफिस विजयवाड्याला हललं, तेव्हा जावंच लागलं.

निघायच्या दिवशी मामी, आई-बाबा आणि सामान रिक्षाने पुढे गेलं. मामा माझ्या मागे बसले. सिकंदराबाद स्टेशनपर्यंत मी मनात एक वाक्य जुळवत होते. नीट, मराठीत, पूर्ण वाक्य. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली. मी तोंड उघडलं आणि पोलिसाने शिट्टी फुंकली, तिथे थांबायला बंदी होती.

"जा, जा," मामा म्हणाले, "बंद करू नको, अशीच ने."

मी गेले. आरशात ते क्षणभर दिसले, मग रिक्षांच्या मागे गेले. परतताना गाडी एकदम हलकी झाली होती. नारायणगुड्यापर्यंत ती सुसाट पळाली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.