यादीतला बराकपूरचा डॉक्टर

आमच्या कंपनीत दरवर्षी प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. आरोग्य योजनेने दिलेल्या यादीतून आपला एक डॉक्टर निवडायचा. अपघात सोडला तर पुढे वर्षभर काहीही होवो, पहिल्यांदा त्याच्याकडेच जायचं. त्याने चिठ्ठी दिली तरच मोठ्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलात जाता येतं. ही यादी सांभाळायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. फॉर्म गोळा करायचे, डॉक्टरांची सर्टिफिकेटं फायलीत लावायची, कुणाविषयी तक्रार आली तर योजनेच्या लोकांना कळवायचं. या कामात माणूस हळूहळू संशयी होतो. निदान मी तरी झाले. दाताच्या डॉक्टरने पाठदुखीची सर्टिफिकेटं दिलेली मी पाहिली आहेत. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या कागदांवर एकच अक्षर पाहिलं आहे.

त्या वर्षीचे फॉर्म लावताना मला दिसलं, की बजबजच्या गोदामातल्या चौदा माणसांनी बराकपूरचा एकच डॉक्टर निवडला आहे.

बजबज कलकत्त्याच्या दक्षिणेला आणि बराकपूर उत्तरेला. बजबजहून निघून सियालदहला यायचं, तिथे गाडी बदलून पुन्हा तासभर वर जायचं. जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो. बजबजमध्येच यादीतले तीन डॉक्टर होते, त्यातला एक तर गोदामाच्या फाटकापासून पाच मिनिटांवर. असं असताना गोण्या फोडून पुड्या भरणारी माणसं एवढ्या लांब कशाला जातील? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी जुन्या फायली काढल्या. त्या डॉक्टरची सर्टिफिकेटं एकेक करून बाजूला ठेवली आणि हजेरीशी ताडून पाहिली. सगळ्यांची तक्रार एकच, खोकला आणि दम लागणं. दुखणं सुरू व्हायचं ते बहुतेक वेळा बुधवारी किंवा गुरुवारी. दुर्गापूजेच्या सुट्टीत एकही जण आजारी पडलेला नव्हता. सुट्टी संपवून कामावर आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तोच खोकला. काही चिठ्ठ्यांवर तर स्पष्ट लिहिलेलं होतं, की या माणसाला दोन नंबरच्या शेडमध्ये काम देऊ नये. दोन नंबरचं काम कष्टाचं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे हलकं काम मिळवायची ही युक्ती, आणि डॉक्टर त्यांना सामील. मी एका कागदावर तारखा मांडल्या आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

योजनेच्या माणसाला फोन केला, तर तो त्या डॉक्टरवर खूश.

"मॅडम, असे डॉक्टर मिळत नाहीत. वर्षात जेमतेम एक-दोघांना मोठ्या डॉक्टरकडे पाठवतात."

हे ऐकून माझा संशय दुप्पट झाला. योजना या डॉक्टरांना माणशी ठरावीक रक्कम देते. माणूस महिन्यात पाचदा आला काय नि एकदाही नाही आला काय. जो डॉक्टर पुढे पाठवत नाही, त्याच्यावर योजना खूश असणारच. पण मग पाठवण्याची गरज असलेली माणसंही तो अडवत असेल तर?

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचा जन्म इथलाच. आजोबांच्या वेळेपासून हे घर कलकत्त्यात. मी लग्न होऊन सांगलीहून आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तो म्हणाला, "अगं, मग जाऊन बघून ये ना. तुलाही डॉक्टर हवाच आहे."

ते खरं होतं. वर्षभर मला जिना चढताना धाप लागत होती. दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, छाती धडधडायची. घराजवळच्या, काचेच्या दारांच्या पॉलिक्लिनिकमध्ये मी नाव नोंदवलं होतं. दर वेळी तिथे नवा डॉक्टर भेटायचा, आधीच्याने काय लिहिलं ते संगणकावर वाचायचा आणि आणखी एक तपासणी वाढवायचा. छातीचा आलेख झाला, फोटो झाला. 'सगळं नॉर्मल आहे, ताण कमी करा' असं तिघांनी सांगितलं. तिथल्या तपासण्या तिथल्याच प्रयोगशाळेत होतात, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नव्हता. तेव्हा त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हताच.

एका शनिवारी मी बराकपूरला गेले. आपण कुठे काम करतो हे सांगायचं नाही, साधी पेशंट म्हणून बसायचं आणि काय चालतं ते पाहायचं, असं ठरवलं होतं. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा केली. छावणीच्या बाजूला, मोठ्या झाडांच्या रस्त्यावर एक जुनं बैठं घर होतं आणि त्याच्या पुढच्या खोलीत दवाखाना. एक वयस्कर बाई वहीत नाव-पत्ता लिहून नंबर देत होत्या. नंतर कळलं, त्या डॉक्टरांची थोरली बहीण. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. बंगालीत विचारलं, "कुणी पाठवलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"इतक्या लांबून आपणहून कोण येतं?" असं पुटपुटत त्यांनी मला अकरा नंबर दिला.

मी बाकावर बसून डोळ्यांत तेल घालून पाहत होते. आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नव्हता. नुसतं सर्टिफिकेट द्यायला इतका वेळ का लागावा, हे कळेना. तेवढ्यात शेजारी बसलेला माणूस एकदम उठून उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही इथे?"

तो बजबजच्या गोदामातला पॅकिंगवाला होता. मूळचा बिहारचा, पन्नाशीचा. वर्षातून एकदा फॉर्मवर सही घ्यायला मी जाते तेव्हाची त्याची ओळख. माझं सोंग तिथेच संपलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"आमच्या डाक्तारबाबूंचं नाव कापायला आलात का?" त्याने हिंदीत विचारलं.

"मी औषध घ्यायला आले," मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही, हे दिसत होतं. मीही कडकच विचारलं, "घराजवळ तीन डॉक्टर असताना तुम्ही सगळे इथे का येता?"

तो पुन्हा बसला. त्याच्या मेव्हण्याचं घर बराकपूरला. दोन वर्षांपूर्वी पूजेच्या सुट्टीत तो तिकडे आला होता. तेव्हा खोकला नव्हता, पण बायकोने जबरदस्तीने इथे आणलं, कारण गोदामाच्या फाटकाजवळच्या डॉक्टरकडून आठ महिने सिरपच्या बाटल्या घेऊन झाल्या होत्या.

"तो डॉक्टर मान वर करत नसे, मॅडम. यांनी विचारलं, खोकला आज का नाही? मी म्हटलं, सुट्टी आहे म्हणून असेल. तर हे हातातलं पेन ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, काम काय करतोस ते पहिल्यापासून सांग."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्याला गोणीवरचा छापील कागद आणायला सांगितला होता. नाकाला बांधायचं फडकंही, न धुता. त्यानंतर त्याने शेडमधल्या इतरांना सांगितलं आणि एकामागून एक सगळे यायला लागले.

पर्समध्ये माझा तारखांचा कागद होता. बुधवार, गुरुवार, पूजेची सुट्टी. तेच सगळं. लबाडीचा पुरावा म्हणून मी जे मांडलं होतं, तेच या डॉक्टरने दुखण्याचं कारण म्हणून वाचलं होतं. तरीही मन लगेच मानेना. या माणसाला पढवून ठेवलं असेल, असाही एक विचार येऊन गेला.

माझा नंबर आला. डॉक्टर सत्तरीकडे झुकलेले, बारीक, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. बहिणीने आत जाऊन त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "आधी कंपनीचं बोलायचं की तुमच्या तब्येतीचं?"

"तब्येतीचं," मी म्हणाले. कंपनीविषयी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

त्यांनी नाडी पाहिली. खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग सरळ विचारलं, "पाळीला रक्त जास्त जातं?"

पॉलिक्लिनिकमधल्या एकानेही हे विचारलं नव्हतं. मी दचकले आणि "नाही" म्हणाले. धडधडीत खोटं होतं ते. या वयात असं होतंच, असं स्वतःला सांगत मी वर्षभर ते लपवत होते, नवऱ्यापासूनसुद्धा. आणि समोरचा माणूस तर असा, की ज्याच्यावर नजर ठेवायला मी आले होते.

त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. कागदावर रक्ताची एकच तपासणी लिहिली. मग वेगळ्या कागदावर बरंच काही लिहून तो पाकिटात घातला.

"तुम्ही सांगितलंत ते खरं असेल तर या पाकिटाची गरज नाही, घरात पडू द्या. खरं नसेल तर यावर जिचं नाव आहे तिच्याकडे याच आठवड्यात जा. तिच्या दवाखान्याशी माझा काही संबंध नाही. पाहिजे तर चौकशी करा."

"तुम्ही कुणाला पुढे पाठवत नाही असं ऐकलं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ज्याला पाठवायचं त्याला पाठवतो. तुमच्या माणसांना फुप्फुसाच्या डॉक्टरकडे पाठवून काय करू? तो औषध देईल आणि सोमवारी माणूस परत त्याच शेडमध्ये. मी तुमच्या ऑफिसला चार पत्रं लिहिली, शेड एकदा बघा म्हणून. उत्तरादाखल काय आलं माहीत आहे? सर्टिफिकेटचा कोरा फॉर्म. वर एक ओळ, की यापुढे रजेची शिफारस यावरच करावी."

तो फॉर्म मीच पाठवला होता. त्यांची पत्रं मी सर्टिफिकेटांच्या फायलीत लावली होती, दुसऱ्या ओळीच्या पुढे न वाचता. तसं मी त्यांना सांगितलं. सांगताना आवाज बारीक झाला असणार.

"म्हणजे तुम्हीच त्या," ते म्हणाले. रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "मला वाटत होतं, कंपनी मुद्दाम गप्प आहे."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही पैसे घेऊन चिठ्ठ्या देता."

"घेत नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. शेड बघून या."

सोमवारी मी बजबजला गेले, न कळवता. दोन नंबरच्या शेडमध्ये एवढ्या वर्षांत मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. सह्या फाटकाजवळच्या खोलीत होत असत. आत पिवळसर पूड हवेत तरंगत होती. भिंतीतला एक पंखा बंद होता, दुसऱ्याच्या तोंडाशी गोण्या रचलेल्या. दहा मिनिटांत माझा घसा धरला. सुपरवायझर म्हणाला, "सवय होते, मॅडम."

मी त्याच तारखांचा कागद घेऊन साहेबांकडे गेले. शेजारी चारही पत्रं ठेवली आणि ती इतके दिवस माझ्याच फायलीत होती हेही सांगितलं. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "हा डॉक्टर युनियनचा तर नाही?" त्यांना मी काय दोष देणार? पण मी मागे लागले. बाहेरून तपासणी करणारी माणसं आणवली, ती हात वर करून मोकळी होतात की काय म्हणून दिवसभर त्यांच्याबरोबर उभी राहिले. पूड खेचून घेणारे पंखे बसायला सात महिने लागले. तोवर ज्यांना दम लागत होता त्यांना बाहेरच्या कामावर घेतलं. बहुतेकांचा खोकला गेला. बाकावर भेटलेल्या त्या पॅकिंगवाल्याचा मात्र पूर्ण गेला नाही. तो अजून खिशात श्वासाचा पंप ठेवतो. आठ महिने सिरप पिण्यात गेले आणि पुढची दोन वर्षं माझ्या फायलीत, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला ते त्याच्यासमोर आठवतं.

पाकीट मी तीन दिवस कपाटात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. तो वाचून नवरा म्हणाला, "इतकं कमी रक्त घेऊन तू बजबज-बराकपूर करत होतीस?" तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पाकिटावर नाव असलेल्या बाईंची मी आधी दोन ठिकाणी चौकशी केली आणि मगच गेले. गर्भाशयात गाठी निघाल्या, साध्याच होत्या. ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी मी ऑफिसचा जिना न थांबता चढले.

पुढच्या फॉर्मवर माझ्या डॉक्टरच्या रकान्यात मी बराकपूरचं नाव लिहिलं. यादीतल्या बाकीच्या डॉक्टरांकडेही आता मी स्वतः जाऊन बसते, निदान दोन तास. बजबजच्या फाटकाजवळच्याचं नाव काढायला लावलं.

संशय गेला असं मात्र म्हणवत नाही. गेल्या हिवाळ्यात माझा रक्तदाब थोडा चढा आला. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, मीठ कमी करा, चाला, महिन्याने बघू. मी घरी आले आणि रात्री मनात आलंच, की गोळी टाळण्यात यांचा काही फायदा तर नसेल? दुसऱ्या दिवशी ढाकुरियातल्या एका अनोळखी डॉक्टरला दाखवलं. महिन्याने बराकपूरला गेल्यावर मी ते कबूल केलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "काय म्हणाला तो?"

"तेच, जे तुम्ही म्हणालात."

"किती वेळ घेतला?"

"वीस मिनिटं."

"तुमच्या यादीत आहे का?"

"नाही."

"मग घ्या की त्याला," ते म्हणाले आणि माझ्या दंडाला पट्टा बांधायला लागले. "मी किती वर्षं पुरणार? हात सैल सोडा, बोलू नका आता."