खदखदणारी विहीर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण चिकोडीहून निपाणीकडं जाताना त्या गावचा फाटा आला की अजूनही मी गाडीच्या खिडकीतून दुसरीकडं बघतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सीमाभागातली दगडफेक अंगावर घेतली. त्यातलं बरंचसं विसरलो. एका विहिरीची केस मात्र विसरता आलेली नाही. तीत कुणी मेलं नाही, पेपरातही दोन ओळींपलीकडं काही आलं नाही. यात मी कुणाचं नाव देणार नाही. माझी चूक मात्र जशी झाली तशी सांगतो.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मूळचा खानापूर तालुक्यातला, शेतकरी घरातला. ठाण्यातलं काम कन्नडमधून चालायचं, माणसं मात्र मराठीतून रडायची. माझे रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारे हेड कॉन्स्टेबल, धारवाडकडचे होते. मराठी त्यांना समजायचं, पण काठाकाठानं.

सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. बोलणारा त्या गावचा तंबाखूचा व्यापारी होता, मागं एकदा ग्रामपंचायतीचा सदस्य राहिलेला. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं.

"साहेब, गावच्या हिरीत कुणीतरी औषध वतलंय. पाण्यावर फेस आलाय, वास मारतोय. दोन बायकांना उलट्या झाल्यात. लवकर या, न्हायतर हितं माणूस मरंल." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि किल्ली कुणाकडं अस्ती, ते तुमीच इचारा."

विहीर गावाच्या कडेला होती. गावच्या पिण्याच्या पाण्याचा तोच एक मोठा आधार. वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, शेजारी मोटारीची खोली. दोन्ही किल्ल्या ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडं असायच्या. सकाळ-संध्याकाळ गावाला पाणी सोडणं हेच त्याचं काम. मी पोचलो तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. पाणी राखाडी झालं होतं, कडेला पांढरा फेस, आणि वास जळक्या तेलाचा. आदल्या दिवशी शेजारच्या गावची जत्रा होती. गाव जवळजवळ ओस पडलं होतं. म्हणजे करणाऱ्याला पूर्ण दिवस मोकळा मिळाला होता.

पाणीवाला जाळीला टेकून उभा होता. पन्नाशीचा, हडकुळा, खाकी शर्ट घातलेला. मी विचारलं, "काल कुठं होतास?"

"हितंच, साहेब. दिवसभर हितंच हुतो."

गर्दीतून आवाज आला, "खोटं बोलतोय त्यो! सांजच्याला सदलग्याच्या गाडीतनं उतरताना मी बगितलाय."

तेवढ्यात अण्णाच्या गड्यानं मोटारीच्या खोलीमागून एक रिकामी बाटली आणून माझ्या हातात दिली. पिकावर फवारायच्या कीटकनाशकाची. गर्दी एकदम पुढं सरकली. मी पाणीवाल्याकडं वळून पुन्हा विचारलं, "कुठं होतास?" तो खाली मान घालून म्हणाला, "हितंच हुतो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्या बायकोसमोर, साऱ्या गावासमोर.

गर्दीच्या हातून वाचवायला मारली, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. माझी खात्री पटली होती म्हणून मारली.

महजर केला. आमच्याकडं पंचनाम्याला महजर म्हणतात. पाण्याचे नमुने सीलबंद करून बेळगावच्या प्रयोगशाळेकडं पाठवले, गावासाठी टँकर मागवला, आणि दुपारी पाणीवाल्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. त्याच्या बायकोचा जबाब रायटरनी विहिरीवरच घेतला होता. ती म्हणत होती की पाणी आदल्या दुपारपासूनच बिघडलं होतं. नवऱ्याला वाचवायला बायको काहीही बोलणार, असं म्हणून मी तो कागद फाईलला लावला.

ठाण्यात संध्याकाळपर्यंत चौकशी केली. हात उगारला नाही, पण सोडलंही नाही.

"सदलग्याला का गेलतास?"

गप्प.

"औषध तिथनं आणलंस?"

"न्हाय, साहेब."

"मग कुणाला भेटायला गेलतास?"

गप्प. कपाळावर घाम. प्रश्न विहिरीचा असला की तो माझ्या डोळ्यांत बघून 'न्हाय' म्हणायचा. सदलग्याचं नाव काढलं की नजर जमिनीवर. हा फरक मला त्याच दिवशी दिसला होता. अर्थ मात्र मी मला हवा तो लावला. सगळं कारस्थान सदलग्यात शिजलंय, अशी माझी समजूत झाली. पंचायतीतल्या कुणाचा हात आहे का, म्हणून मी पीडीओंवरसुद्धा, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांवरही संशय घेतला. संशय असाच असतो. एकदा आत आला की घरातल्या प्रत्येक खोलीत फिरतो.

अटक दाखवली. चोवीस तासांच्या आत त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद तयार करत असताना त्याची बायको ठाण्यात आली. हातात भाकरीचं फडकं. दारावरच्या पहाऱ्याच्या शिपायाला म्हणाली, "साहेबांस्नी सांगा, किल्ली माझ्याकडं हुती. मला धरा."

मी तिला आत बोलावलं. "बाई, काय म्हणताय ते नीट सांगा."

ती उभ्या उभ्याच बोलली. "ह्ये परवा सकाळचं पाणी सोडून सदलग्याला गेलते. किल्ली माझ्याकडं दिलती. दुपारी चारला मी मोटार लावाय गेलो, तर हीर खदखदत हुती. म्हणून मोटार न लावताच माघारी आलो. घाबरलो. त्या दिवशी कुणाला बोललो न्हाय, कारण बोललो तर ह्ये गावात नव्हते त्ये कळलं असतं आणि नोकरी गेली असती."

"खदखदत म्हणजे?"

"चुलीवरची आमटी खदखदती तशी. खालनं बुडबुडं येत हुतं. काल तुमच्या हवालदारांस्नी ह्येच सांगितलं की."

मी फाईल काढली. तिच्या जबाबात कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'पाणी गढूळ होतं.' रायटरना बोलावलं. ते बघून म्हणाले, "सर, कन्नडमध्ये 'कदडु' म्हणजे गढूळ होणं. खदखद म्हणजे तेच, असं समजून लिहिलं." त्यांचा दोष कमी, माझा जास्त. मराठी माझ्या घरची भाषा. तो जबाब मी स्वतः ऐकायला हवा होता.

विष टाकलेलं पाणी उकळत नाही, एवढं मला कळत होतं. पुढचं कळत नव्हतं. "आणखी काय दिसलं? काय ऐकू आलं?"

"काय न्हाय. जत्रंचा भोंगा, आणि अण्णांच्या घराच्या कामावर मशीन चाललंतं. तिथं रोजच कायतरी चाललेलं अस्तंय."

जत्रेच्या दिवशी गावात एकही गवंडी कामावर नव्हता. मग मशीन कसलं?

मी जीप काढली आणि निपाणीच्या हमरस्त्यावर, जिथं बोअरवेलच्या गाड्या उभ्या असतात, तिथल्या एका एजंटला गाठलं. केस न सांगता नुसतं वर्णन केलं. खदखदणारी विहीर, राखाडी पाणी, फेस, तेलाचा वास. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, जवळच कुठंतरी बोअर मारल्या बगा. खडकात भेगा अस्त्यात. कॉम्प्रेसरचं वारं त्या भेगंतनं गेलं की शेजारची हीर अशीच खदखदत्या. वास कॉम्प्रेसरच्या तेलाचा. फेस आमी बोअरमदी साबण सोडतो त्येचा. राखाडी म्हंजे दगडाचं पीठ."

"तुमच्यापैकी कुणी मारली?"

"गावच्या पिण्याच्या हिरीपशी? परवानगीच्या कागदाबिगर आमची गाडी जात न्हाय. नोंदणी रद्द हुत्या, गाडी जप्त हुत्या. पलीकडनं कागलच्या बाजूनं कुणी आणली आसंल तर बगा."

तिथून महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका. जत्रेच्या दिवशीचं कॅमेऱ्याचं चित्रण बघायला तासभर लागला. सकाळी महाराष्ट्राकडून बोअर मारायच्या रिगची एक छोटी गाडी आणि तिच्यामागं कॉम्प्रेसर आत आले होते, संध्याकाळी परत गेले. तिथून सरळ ग्रामपंचायत. ज्यांच्यावर मी आदल्या दिवशी संशय घेतला होता त्या पीडीओंनी एकही प्रश्न न विचारता बोअरवेलच्या अर्जांची फाईल पुढं ठेवली. आमच्याकडं सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ठराविक अंतराच्या आत नवी बोअर मारायची तर परवानगी लागते. त्या वर्षी एकच अर्ज नामंजूर झाला होता. शेरा होता, 'गावविहिरीला लागून, सबब नाकारले.' अर्जदार म्हणजे माझा तक्रारदार.

पीडीओ आणि भूजल खात्याचे एक अधिकारी बरोबर घेऊन मी अण्णाच्या नव्या घरी गेलो. भोवती पत्र्याचं कुंपण. अण्णानं हसून खुर्च्या मागवल्या. "आप्पानं कबूल केलं का, साहेब?" पाणीवाल्याला गाव आप्पा म्हणायचं.

मी बसलो नाही. अंगणात भर म्हणून राखाडी भुकटी पसरली होती. चिमूटभर उचलून विचारलं, "अण्णा, हे काय?"

"क्रशरची वाळू. बांधकामाची."

भूजलवाल्यांनी ती बोटांत चोळली, हुंगली आणि मान हलवली. तंबाखू ठेवायच्या, वर नुसती ताडपत्री टाकलेल्या खोलीत आम्ही पोत्यांची थप्पी हलवायला सांगितली. अण्णाचा गडी हलेना. मग माझ्या दोन शिपायांनी पोती बाजूला केली. खाली एक फरशी सुटी होती, आणि फरशीखाली बोअरच्या तोंडाला बसवतात तो नवाकोरा केसिंग पाईप.

मग अण्णा तावातावानं म्हणाला, "जमीन माझी हाय, साहेब. माझ्या जमिनीखालचं पाणी काढायला मी पंचायतीचं पाय का धरू? अर्ज केला, न्हाय म्हणले. मग काय करायचं?"

भूजलवाले शांतपणे म्हणाले, "कुंपण वर आहे. खडकाला कुंपण नसतं. तुम्ही इथं उपसलं की तिकडं गावची विहीर आटते. म्हणूनच नाकारलं होतं."

"बोअरचं ते बघतील," मी म्हणालो. "मला बाटलीचं सांगा. पाणीवाल्याला गुंठाभर जमीन नाही. हे तंबाखूवरच्या किडीचं औषध तो कशाला बाळगेल?" हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विहिरीवर पडायला हवा होता.

अण्णा खुर्चीत बसला. आवाज उतरला होता. "सकाळी हिरीवर माणसं जमली. फेस बगून कुणीतरी इचारलंच असतं, कुणाची बोअर म्हणून. त्येच्या आदी कुणाचं तरी नाव घ्यायला पायजे हुतं." मग म्हणाला, "आप्पा गरीब हाय. चार दिवसांनी सुटला असता."

तीस वर्षांत बरेच गुन्हेगार पाहिले. एवढ्या सहजपणे दुसऱ्याचे चार दिवस खर्ची घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बोअरचं तोंड त्याच दिवशी सील झालं. बिनपरवाना खोदाई आणि खोटी फिर्याद, दोन्हींचे गुन्हे दाखल झाले. पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात कीटकनाशकाचा अंशही नव्हता; त्या दोन बायकांच्या उलट्या तेलाच्या वासानंच झाल्या होत्या. खोदाईची शिक्षा झाली. खोट्या फिर्यादीची केस मात्र साक्षीदार फिरल्यामुळं टिकली नाही. गावात अण्णाला लोक आजही अण्णाच म्हणतात.

पाणीवाल्याला सोडायच्या आधी मी त्याला माझ्या खोलीत बसवलं. दार लावलं. सगळं सांगितलं. मग विचारलं, "आता तरी सांग. सदलग्याला का गेलतास?"

तो पहिल्यांदाच रडला. "लेक दिलीया तिथं. जावई मारतोय. जत्रंच्या दिवशी गावात कोण नसतंय, म्हणून तिला गपचिप आणाय गेलतो, पर त्यांनी धाडली न्हाय. कुणाला कळलं असतं तर धाकटीला कोण पत्करणार? साहेब, मी खोटं बोललो त्ये लिवा. माझं नाव लिवा. पोरीचं नगा लिवू."

केस डायरीत मी 'कौटुंबिक कारणास्तव परगावी' एवढंच लिहिलं. पंचायतीनं कामावर हजर नसल्याची नोटीस काढली तेव्हा पीडीओंना भेटून ती मिटवली. आमच्या महिला हवालदारांनी सदलग्याला जाऊन मुलीशी बोलून तिच्या मर्जीनं नवऱ्याविरुद्ध तक्रार घेतली. ती आता निपाणीत शिलाईकाम करते, असं ऐकलं.

माणूस खोटं बोलतोय हे ओळखायला पोलिसाला फार शिकावं लागत नाही. तो कशापायी खोटं बोलतोय हे ओळखायला माझी निम्मी नोकरी गेली. गुन्हा लपवणारा आणि अब्रू लपवणारा, दोघांच्याही कपाळावर सारखाच घाम येतो. त्यानंतर ठाण्यात कुणी गप्प बसला की 'काय लपवतोस' असं मी विचारलं नाही. 'कुणासाठी लपवतोस' असं विचारायचो. निम्म्या केसेस त्या एका प्रश्नानं सुटल्या.

त्या दिवशी खोलीत मी त्याची माफी मागितली. तो गडबडून उभा राहिला, "असूदे की, साहेब," म्हणाला आणि हात जोडून गेला. मला हलकं वाटलं. जीप घेऊन घरी गेलो, जेवलो, झोपलो. खूप दिवसांनी एकदा लक्षात आलं, की थोबाडीत मी साऱ्या गावासमोर मारली होती, आणि माफी मात्र दार लावून मागितली. त्या गावात जाऊन चारचौघांत दोन शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. अंगावर वर्दी असताना ते जमलं नाही. आता वर्दी नाही, आणि गेल्या पावसाळ्यात पाणीवालाही गेला.