टेबलाशेजारची दुसरी खुर्ची

थिनरचा वास आला की मला इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या सोसायटीचं गणपतीतलं ते पहिलं छंद-प्रदर्शन आठवतं. क्रोशाच्या तोरणांशेजारी मला अर्धं टेबल मिळालं होतं आणि त्यावर मी दुसऱ्या महायुद्धातलं एक जर्मन लढाऊ विमान ठेवलं होतं, तळहाताएवढं, स्वतः जोडून रंगवलेलं, पुढे कार्ड 'बीएफ १०९'. धुपाच्या वासात आणि स्पीकरच्या दणदणाटात लोक यायचे, "छान आहे हां" म्हणायचे आणि तोरणांकडे सरकायचे. संध्याकाळी बी विंगमधले एक रिटायर्ड गृहस्थ थांबले, चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, "चुकलंय तुमचं. हे एमई १०९." मला इतका आनंद झाला की मी आधी त्यांना खुर्ची दिली. मग सांगितलं, की बीएफ ही विमान बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या नावाची अक्षरं, एमई नव्या नावाची; नाव बदलायच्या आधीचं हे विमान, म्हणून जर्मन सरकारदरबारी ते बीएफच राहिलं. एमई लोकांच्या तोंडचं. "अहो, लहानपणापासून एमईच वाचत आलोय मी!" ते ऐकेचनात. दोनदा चहा झाला, तोरणं आवरून बायका गेल्या, आम्ही भांडतोच आहोत. शेवटी वॉचमन "अंकल, हॉल बंद करना है" म्हणाला, तेव्हा कुठे ते उठले. पुढच्या गणपतीआधी ते मुलाकडे बंगळुरूला कायमचे गेले. तेव्हापासून दरवर्षी मी कार्डावर मुद्दाम 'एमई १०९' लिहितो आणि टेबलाशी दुसरी खुर्ची मांडून ठेवतो. अजून कुणी चूक काढलेली नाही.