अण्णांच्या कॉम्प्युटरसाठी हलका ब्राउझर

आमच्या घरातला कॉम्प्युटर मरत नाही, हीच माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार होती. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतला होता. लेक शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथं तिनं दोन लॅपटॉप बदलले, आणि हा आपला पुंडलिकनगरच्या आमच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर घुर्र घुर्र करत बसलेला. दर दसऱ्याला बायको त्याला हळदकुंकू वाहते. एकदा मी म्हटलं, "अगं, शस्त्रांची पूजा करतात. हे भंगार आहे." तर म्हणाली, "असू द्या. वटपौर्णिमेला तुमच्यासाठी उपास धरतेच ना मी?" 

कॉम्प्युटर आता अण्णांचा झाला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. गाव करमाड, तिथं शेती. पण जन्म गेला इथं पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात. शौक एकच, बुद्धिबळ. आणि खेळायला माणूसही एकच, मागच्या गल्लीतले मास्तरकाका. मास्तरकाका शाळेत गणित शिकवायचे. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर पट मांडला जायचा आणि शेजारी गजराचं घड्याळ ठेवलं जायचं. ते घड्याळ मास्तरकाकांचं. त्यांचा हिशोब साफ होता, वेळ म्हणजे वेळ. स्वतः पटापट चाली करायचे आणि अण्णा हनुवटी खाजवत बसले की ओरडायचे, "अरे लेका, चाल करतोयस की धरण बांधतोयस?" सगळी गल्ली हसायची. अण्णा हरायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत पट मांडायचे.

मग मास्तरकाकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. अण्णांनी पट कपाटात ठेवला आणि घरात कुणाशी धड बोलेनासे झाले. दिवाळीला लेक आली, तिनं आजोबांची ती अवस्था पाहिली आणि इंटरनेटवरच्या एका बुद्धिबळाच्या साइटवर दोघांची खाती उघडून दिली. तिकडं मास्तरकाकांची सून मदतीला. खेळताना फोन लावायचा आणि स्पीकरवर टाकून ठेवायचा, अशी पद्धत दोघांनी आपोआप पाडली. मास्तरकाकांच्या तोंडून "हं" एवढंच निघायचं. पण रागाचा हं वेगळा, शह दिल्याचा हं वेगळा, हसण्याचा वेगळा, हे अण्णांना बरोबर कळायचं. उभ्या जन्माच्या मैत्रीतलं आता तेवढंच उरलं होतं, संध्याकाळचा एक डाव आणि फोनवरचा तो हं.

अडचण आमच्या कॉम्प्युटरची. साइटवर घड्याळ असतं, दोघांना ठरलेली मिनिटं. मास्तरकाकांनी तिकडं घोडा हलवला की आमच्या पडद्यावर तो घोडा उठायचा, विचार करायचा, आणि मग कधीतरी पोचायचा. तोवर अण्णांचं घड्याळ पळत असायचं. डाव अर्ध्यावर आला की अण्णांची वेळ संपायची आणि ते हरायचे. मग सुरू व्हायचा तोंडाचा पट्टा. "मशीन हाय का म्हैस! उठ की, भाड्या!" आणि फोनमधून, "हं हं हं."

हे सगळं नेमकं माझ्या बातम्यांच्या वेळेला. दिवसभर शेंद्र्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून मी घरी यायचो ते दोन घटका शांत बसायला, आणि घरात म्हशीला शिव्या. शेवटी माझं डोकं सणकलं. म्हटलं, हा प्रश्न मी निकालात काढतो.

"अण्णा, नवीन लॅपटॉप आणू."

"कशाला? चालतंय की."

"हे चालणं म्हणायचं?"

"मी तरी कुठं पळतोय?" अण्णा म्हणाले.

क्रांती चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. मी कॉम्प्युटरचा डबा गाडीवर पुढं ठेवून तिथं नेला. दुकानदारानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मला चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मी ओळखलं. "साब, इसकू अब आराम देव," तो म्हणाला. मी म्हटलं, मालक ऐकत नाहीत. मग त्यानं सांगितलं, मशीन म्हातारी आहे, तिच्या डोक्यावरचं ओझं कमी करा. आजकालचे ब्राउझर हत्तीएवढे झालेत. हलका ब्राउझर टाका.

झालं. त्या दिवसापासून मी हलक्या ब्राउझरच्या मागं लागलो. मुलीसाठी स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हती. आणि स्थळांसारखंच, प्रत्येक जण स्वतःबद्दल चांगलंच सांगतो. सगळेच हलके, सगळेच वेगवान, सगळ्यांचा स्वभाव मनमिळाऊ. पहिला उतरवून घेतला तर तो आल्याबरोबर म्हणाला, तुमची विंडोज फार जुनी आहे, आधी ती बदला. म्हणजे नवरदेव येण्याआधीच घर बदलायची अट. दुसरा खरोखर हलका निघाला. इतका, की त्यात चित्रंच दिसेनात. पट गायब, सोंगट्या गायब, नुसती इंग्रजी अक्षरं एकाखाली एक. अण्णांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "माझा वजीर कुठंय?" मी म्हटलं, तो क्यू दिसतोय ना, तो वजीर. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तो ब्राउझर लगेच काढून टाकला. तिसरा चालायचा झकास, फक्त दर दहा मिनिटांनी न सांगता बंद पडायचा. आमच्या कारखान्यात असा एक सुपरवायझर होता, त्याची आठवण आली.

चौथा मात्र पाणीदार निघाला. कुणी परदेशातल्या हौशी लोकांनी मिळून केलेला. नाव उच्चारता येत नव्हतं, पण टिचकी मारली की पान हजर. मी पट उघडला, सोंगटी हलवून पाहिली. सटासट! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरंय," आणि कुकर बघायला गेली. माझी छाती मात्र चांगलीच फुगली होती.

त्या संध्याकाळी अण्णा जिंकले. मास्तरकाकांची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंकले, पुन्हा तसेच. मी बातम्या बंद करून पाठीमागं उभा राहिलो. कधी नव्हे ते शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. फोनमधून सुनेचा आवाज येत होता, "बाबा, सावकाश... अहो, माऊस सरकला परत... थांबा, मी हात धरते..." मी ऐकलं, पण माझं सगळं लक्ष ब्राउझरवर. म्हटलं, "बघा अण्णा! आता कसं?" अण्णा फोनकडंच बघत होते. तिसऱ्या दिवशी जिंकले तेव्हा त्यांचा चेहरा हरल्यासारखा होता, आणि फोनमधून एकही हं आला नाही.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "काका, आज नको म्हणतायत." पाचव्या दिवशीही नको. साइटवर समोरचा माणूस हजर असला की त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. अण्णा पट उघडून त्या करड्या ठिपक्याकडं बघत बसायचे. माझ्या वेगवान ब्राउझरमध्ये तो करडा ठिपका अगदी झटक्यात दिसायचा.

एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "ते पहिलं टाक परत."

"कोणतं पहिलं?"

"हळू चालायचं ते."

माझा पारा चढला. "अण्णा, मी नाकीनऊ येईपर्यंत शोधलाय हा! आणि तुम्ही..."

"त्याचा हात चालत नाय रं," अण्णा म्हणाले. "डाव्या हातानं खेळतोय. चाल डोक्यात तवाच येती, हात पोचत नाय. जन्मभर मला घाई करणारा माणूस. आता वेळ संपून हरतोय."

 मग म्हटलं, "घड्याळ न लावता खेळा. तशी सोय आहे त्यात."

"घड्याळ त्याचंय. मी काढलं की त्याला काय कळत नाय व्हय? गणिताचा मास्तर हाय तो."

"मग मुद्दाम एखादी चूक करा चालीत. हरा."

"ते तर दोन चालीत वळखल. पुन्हा तोंड बघणार नाय माझं." अण्णांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. "हे हरवतंय तवर बरं हाय. मशीनवर कोण संशय घेतंय?"

म्हणजे आता मला मंद ब्राउझर शोधायचा होता. हे दिसतं तितकं सोपं नाही. जुना परत बसवला तर तो म्हणायला लागला, मी सुधारलो आहे. दुकानात साफसफाई झाल्यामुळं डबाही जरा ताजातवाना झालेला. मग मी त्यात सोन्याचा भाव उघडला, हवामान उघडलं, रेल्वेचं वेळापत्रक उघडलं, तीन बातम्यांच्या साइट जाहिरातींसकट उघडल्या आणि सगळं तसंच ठेवलं. तेव्हा कुठं घोडा पूर्वीसारखा रेंगाळायला लागला. हे करताना मला कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, कोण जाणे.

अण्णांनी नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, ऐक. ते मशीन पुन्हा बोंबललं. आमचं पोरगं लई हुशार! चांगलं चाललेलं, ते दुरुस्त करून बिघडवून ठेवलं!" मी समोरच उभा होतो.   फोनमधून एक बारीकसा, "हं?" अण्णा म्हणाले, "व्हय ना! अक्कलच नाय त्याला." मग, "हं हं हं." आणि पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला.

गाडी रुळावर आली. रोज संध्याकाळी अण्णा वेळ संपून हरू लागले, म्हशीचा उद्धार होऊ लागला आणि मी पुन्हा टीव्हीचा आवाज वाढवून बातम्या ऐकू लागलो.

परवा बायकोनं टेबल पुसता पुसता सगळ्या साइट बंद करून टाकल्या. "केवढा पसारा उघडा ठेवता हो," म्हणाली. मला ते कळलं तेव्हा डाव सुरू झालेला होता. मी घाबरून खुर्चीवरून उठलो आणि अण्णांच्या मागं जाऊन पाहिलं. कॉम्प्युटर कधी नव्हे तो चपळाईनं चालत होता. मास्तरकाकांचा उंट पटावर येऊन कधीचा उभा होता. अण्णांचे दोन्ही हात मांडीवर होते. नजर स्वतःच्या घड्याळावर, त्यातले आकडे कमी कमी होत चाललेले. आणि फोनकडं तोंड करून ते जीव खाऊन ओरडत होते, "थांब रं लेका! हलतच नाय हे मशीन! धरण बांधतंय, धरण!"

फोनमध्ये मास्तरकाका खदखदून हसत होते.