फ्लायव्हीलमधली पाचर

विजेच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारी ताई एकदा आवळलेला बोल्ट दुसऱ्यांदा आवळल्याशिवाय पुढे जात नसे. गिऱ्हाइकं टिंगल करत, "अहो ताई, आता तो बोल्टच 'पुरे' म्हणेल!" ती हसे, पण हातातला पाना काही खाली ठेवत नसे. पंप असो, पंखा असो, नाहीतर गिरणीची मोटार, तिच्या दुकानातून दोनदा तपासल्याशिवाय काही बाहेर पडायचं नाही.

हे खूळ कुठून आलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपाळ? विशीत असताना तिने बापाच्या लाडक्या गाडीचं इंजिन जाळलं होतं. निदान सगळ्या घराचं तसं म्हणणं होतं.

बाबांचं गॅरेज होतं. तिथे थोरला दादा काम करी आणि हीसुद्धा. खरं बोलायचं तर काम ही करी आणि दादा हातभार लावी. गिऱ्हाईक दारातूनच विचारी, "धाकटी आहे ना?" एकदा तिने बाबांच्या गाडीचं तेल बदललं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचं तळं. तेल सोडायचा खालचा बोल्ट निसटलेला. दादा म्हणाला, मी गाडी फिरवून आणली, ती कोरडीच पळली, इंजिन जाम झालं. बाबांनी हँडल घालून जोर लावला. मग पुढची पुली दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे झटके देऊन पाहिले. हिने हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. आता हात लावू नकोस."

ओरडले असते तर परवडलं असतं. त्याच आठवड्यात तिने आपणहून गॅरेज सोडलं आणि मोटारी भरायला शिकली. बोल्ट आपण घट्ट केला होता असं आतून वाटायचं, पण घरातली सगळी माणसं खोटं बोलतील का? बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तिने त्यांचे पाय धरून माफी मागितली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बोलले काही नाहीत. त्या हातावर तिने पुढची सगळी वर्षं काढली.

आणि आता हेच इंजिन तिच्यापुढे गाडीतून काढून लोखंडी स्टँडवर चढवून ठेवलेलं होतं. दादाने गाडी जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाला विकली होती, आणि वायरिंगला कुणीतरी जाणतं हवं म्हणून शौकीन हिचं नाव विचारत आला होता. कोणाची गाडी, कोणाचं इंजिन, तिला पत्ता नव्हता. त्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि वरच्या झाकणावरचा पोचा दिसला. सातवीत असताना तिच्याच हातून हातोडी पडली होती तिथे.

"हे चालायचं नाही," ती म्हणाली. "जाम आहे."

"मेकॅनिकही तेच म्हणतो," शौकीन म्हणाला. "महिनाभर प्लगच्या भोकांतून तेल सोडतोय, ढिम्म हलत नाही. पुढच्या आठवड्यात तो उघडेल. तोवर तुम्ही वायरिंग तरी उभं करा."

तिला निघून जावंसं वाटलं. पण हात कुठले ऐकतात? सवयीने तिने पुली धरून मागे ओढली. पुली बोटभर सरकली. पुढे ढकलली तर टक् करून अडली. पुन्हा मागे बोटभर, पुन्हा टक्. तिच्या कपाळावर आठी पडली. जळालेलं इंजिन पुढेही जात नाही नि मागेही. हे जळलेलं नव्हतं, अडलेलं होतं.

तिने स्टार्टर सोडवला आणि त्याच्या भोकातून दिवा आत धरला. फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाचे, दाते दिसले, आणि दात्यांमध्ये ठोकून बसवलेली पोलादाची एक पाचर. चिमट्याने हलवून हलवून तिने ती बाहेर काढली. पाचरीवरच्या कानशीच्या रेघा उलट्या कलत्या होत्या. अशी कानस घरात एकच माणूस चालवी. दादा डावखुरा होता.

"मेल्या दादा!" ती मोठ्यांदा म्हणाली. शौकीन दचकला. तिने हँडल घालून फिरवलं, तर इंजिन लोण्यासारखं फिरलं. जन्मभर जे पाप डोक्यावर वाहिलं, ते कधी झालंच नव्हतं.

मग काय, तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत तिने काम हाणलं. स्टार्टर साफ करून जागेवर बसवला. फळीवर कॉइल, चावी नि बटण ठोकलं. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, बॅटरीच्या वायरींचे नट आवळले. प्लगच्या वायरी लावताना 'एक, तीन, चार, दोन' हा ठिणगीचा क्रम तोंडात आपोआप आला. पाढ्यांच्याही आधी बाबांनी तो शिकवला होता. नवं तेल भरलं, पेट्रोलची बाटली वर टांगली आणि बटण दाबलं. इंजिन खोकलं, कार्बोरेटरातून फुरफुरलं, धूर ओकलं आणि सुरू झालं. शौकीन लहान पोरासारखा टाळ्या पिटू लागला.

ताई मात्र फिरत्या पुलीकडे बघत राहिली. ही पुली बाबांनीही मागे-पुढे करून पाहिली होती. जे तिच्या हाताला कळलं, ते तिला शिकवणाऱ्याच्या हाताला कळलं नसेल?

तिने दादाला फोन लावला आणि तो इंजिनाजवळ धरला. मग शेडबाहेर येऊन कानाला लावला.

"ऐकलंस?"

दादाने आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पाचर सापडली का?"

"बाबांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच करायला लावलं गं. गॅरेज माझ्या हाती द्यायचं होतं. तू असताना मला कुत्रं तरी विचारणार होतं का? पण तुला 'जा' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. बोल्ट मी सैल केला. गाडी फिरवलीच नव्हती."

"आणि पाचर तूच का घासलीस?"

"त्यांनीच सांगितलं. म्हणाले, 'कधी सापडलीच तर ती माझी रेघ ओळखेल. तू घास. तुझ्यावर आलं तर चालेल, तिच्या मनातून मी उतरता कामा नये.'"

ताई मनातल्या मनात बाबांशीच बोलू लागली. पाय धरून रडत होते तेव्हा डोक्यावरून हात फिरवलात, बाबा. एक शब्द तरी बोलायचा होता. माफी माझ्याकडून मागून घेतलीत!

"अगं," दादा रडवेला झाला होता, "मलाही त्यांनी..."

तिने फोन बंद केला.

आत येऊन तिने चावी फिरवली. इंजिन थांबलं. हत्यारं गोळा करून ती पिशवीत भरू लागली, तसा शौकीन हसत म्हणाला, "हे काय ताई? बॅटरीचा नट दुसऱ्यांदा आवळायचा राहिला की! तुमची ख्याती ऐकून आहे मी."

"घट्ट आहे," ती म्हणाली. "तेव्हाही घट्टच होता."